सूचना दिल्या

मधलीनं स्वतःचा धंदा सुरू केला, त्याच्या सातव्या आठवड्यात तिच्या कानात पहिल्यांदा माणसाचं हाड मोडलं.

डोक्याला हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप, बाजूला निवत चाललेला चहा, खिडकीत आईनं वाळत घातलेले टॉवेल. कानातल्या रेकॉर्डिंगमध्ये कंत्राटदार साहेब एका पत्राचा मजकूर सांगत होते. मध्येच थांबून ते कुणाला तरी म्हणाले, "इकडे ये. हात पुढे कर." मग पहार कशावर तरी आदळली. लोखंडावर आदळली असती तर खणकन वाजली असती, तशी वाजली नाही. एक माणूस ओरडला, आणि ओरडता ओरडता त्याचा श्वासच संपला. साहेब म्हणाले, "क्रेन माझी आहे, तुझ्या बापाची नाही." आणि मग मघाच्याच आवाजात, "हं, बाई, लिही. आपला विश्वासू."

मधलीनं लिहिलं, आपला विश्वासू. हेडफोन काढून ठेवायचं तिला पाच मिनिटांनी सुचलं.

तीन बहिणींतली मधली, म्हणून घरीदारी मधलीच. थोरली आणि धाकटी आपापल्या संसाराला लागल्या, ही आईपाशी राहिली. अकरा वर्षं तिनं एका दाताच्या डॉक्टरांचं काउंटर सांभाळलं. डॉक्टर थकले, दवाखाना विकला गेला, आणि नव्या डॉक्टरांनी तिच्या जागी फोनमधलं यंत्र बसवलं, एक दाबा, दोन दाबा. त्यावर हिनं ठरवलं, आता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. कपाट आणि खिडकी यांच्या मध्ये टेबल घातलं आणि इंटरनेटवर जाहिरात टाकली: तुमचं ऑफिस, माझ्या टेबलावर. पत्रं, फोन, भेटींच्या वेळा, याद्या, सगळं आपल्या घरून सांभाळायचं, मालकाचं तोंडही न बघता. व्हर्च्युअल असिस्टंट. आई शेजारणीला सांगायची, "मधली हल्ली घरीच असते," आणि शेजारीण अशी हळहळून मान हलवायची, की जणू घरात कुणी अंथरुणाला खिळलंय.

पहिले पाच आठवडे एक पडदेवाली सोडली तर तिकडे कुत्रं फिरकलं नाही, आणि पडदेवालीनंही महिन्याभरात आपल्या भाचीला हाताशी धरलं. मग कंत्राटदार साहेब आले. जुन्या इमारती पाडायचा त्यांचा धंदा. पहिल्याच फोनवर म्हणाले, "माझ्या ओळखीतले दहा जण असं माणूस शोधतायत. काम चोख केलंस तर दहाही तुझे." मधलीनं ते दहा जण मनातल्या मनात ओळीनं बसवून टाकले. आईला शेजारणीपुढे काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं.

साहेबांना लिहायचा कंटाळा. ते फोनमधलं रेकॉर्डिंग चालू करून बोलायला लागायचे, फोन खिशात टाकायचे आणि बंद करायला हमखास विसरायचे. कधीतरी लक्षात येऊन बंद केलं, की फाइल आपोआप मधलीच्या लॅपटॉपवर येऊन पडायची. तिनं ती ऐकायची, त्यातली पत्रं टाइप करायची, आणि सहाच्या आत दिवसाचा गोषवारा पाठवायचा: वेळ, माणूस, काय ठरलं. मधे काय काय ऐकू जातं याची साहेबांना फिकीर नव्हती. खोलीत खुर्ची असली म्हणून कुणी आवाज खाली करत नाही.

त्या संध्याकाळी गोषवारा करताना क्रेनवाल्याची ओळ तिनं तीनदा लिहिली आणि दोनदा खोडली. शेवटी राहिली ती अशी: १०.१०, क्रेनवाला, सूचना दिल्या. लगेच फोनवर साहेबांचा अंगठा आला. तिला बरं वाटलं, हे सांगायला हवं.

एकदा डोळ्यांवर कातडं ओढलं, की ते रोज ओढावं लागत नाही. पुढच्या महिन्यात तिनं बरंच ऐकलं. खोली सोडत नाही म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या घरात काचा फुटल्या, आणि म्हातारा "माझा चष्मा, अरे माझा चष्मा," म्हणत राहिला, त्यावर कुणाचा तरी बूट पडेपर्यंत. मधलीनं लिहिलं: भाडेकरूशी चर्चा, सहमती. एका रखवालदाराचं डोकं पाण्याच्या पिंपात घातलं गेलं. पाणी खदखदावं तसा आवाज कितीतरी वेळ येत होता, तिनं आकडे मोजायला सुरुवात केली आणि बावीसला थांबली. लिहिलं: रखवालदाराला समज दिली. तिचे गोषवारे इतके नीटनेटके असायचे, की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस इमारती पाडत नसून शाळा चालवतो.

"तोंड का उतरलंय गं?" आई विचारायची.

"काम असतं आई."

"कामानं माणूस थकतो. तुझं तोंड उतरलंय."

"तुला घरात बसलेली नको, कामात बसलेली नको. करू तरी काय?"

आई टॉवेलांच्या घड्या घालत राहायची.

मग यादी आली. साहेबांच्या दहा वर्षांच्या ओळखी, दोनशे चौदा ओळी: नाव, फोन, पत्ता. निम्मे पत्ते जुने, बरेच रकाने रिकामे. "साफ करून दे," साहेब म्हणाले, "दहा जणांना तुझं काम म्हणून हीच यादी दाखवणार आहे." आता मधलीचं एक होतं. रिकामा रकाना तिला बघवत नसे. दवाखान्यातही पेशंटच्या कार्डावर एक जागा कोरी राहिली, तर तिला जेवण गोड लागायचं नाही.

आणि पत्ता काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. पत्ता विचारला, की लोक सावध होतात, कोण, कशाला, असं सुरू करतात. म्हणून पत्ता विचारायचाच नाही. चुकीचा पत्ता खात्रीनं वाचून दाखवायचा. समोरचा माणूस घाईघाईनं म्हणतो, "छे छे, तो नाही हो," आणि खरा सांगून मोकळा होतो. चूक दुरुस्त करायची माणसाला भारी हौस.

एकशे एकतिसाव्या ओळीत एका बाईचं नाव होतं. आडनाव साहेबांचंच, पत्ता साहेबांच्याच घराचा, आणि शेजारी साहेबांची टीप: हिचा पत्ता जुना आहे, मिळाला तर बघ. बहीण असेल, वहिनी असेल, असं मधलीनं धरून टाकलं. विचारता आलं असतं. पण मग साहेब म्हणाले असते, तुला काय करायचंय, आणि ते दहा जण तिच्या डोळ्यांसमोरून एकेक करून उठून गेले असते.

साहेबांच्या जुन्या मेलमध्ये त्या बाईच्या नावावर शिलाई मशीनच्या गॅरंटीचा कागद सापडला. मधलीनं मशीन दुरुस्त करणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि आवाजात साखर पेरली.

"नमस्कार, बाईंच्या ऑफिसातून बोलतेय. तुमचा माणूस मशीन बघायला येणार आहे ना? पत्ता एकदा जुळवून घेते," आणि तिनं जुना पत्ता वाचला.

"छे हो मॅडम, हा नाही. त्या तिथून कधीच गेल्या," पलीकडचा माणूस म्हणाला, आणि नवा पत्ता, मजला, दार आणि फोन नंबर सांगून मोकळा झाला.

मंगळवारी यादी गेली. वर तिनं लिहिलं होतं: दोनशे चौदापैकी दोनशे चौदा पूर्ण. साहेबांनी पहिल्यांदाच अंगठ्याऐवजी शब्द पाठवला: शाब्बास. पाठोपाठ सांगितलं, गुरुवारची दुपार मोकळी कर. चार वाजताच्या चौकटीत त्यांनी स्वतः एकच शब्द भरला: घर. मधलीनं अडीच वाजताची सिमेंटवाल्याची भेट सकाळवर घेतली आणि दुपार झाडून पुसून लख्ख करून दिली. त्या रात्री तिला छान झोप लागली.

गुरुवारी सव्वादोनला सकाळची फाइल आली. सिमेंटवाल्याशी बोलणं, मग गाडीचं दार, मग साहेब फोनवर कुणाशी तरी बोलत होते. मधलीची बोटं सवयीनं चालू होती.

"सापडली," साहेब म्हणाले. "दोन वर्षं दोन माणसं मागावर ठेवली होती, त्यांना जमलं नाही. आमच्या बाईनं खुर्चीवर बसून काढली. हो, बायकोच. तिला वाटलं, सुटली. आज चारला जातो. मारून टाकत नाही रे, मला काय वेड लागलंय. पण जिच्या जिवावर उडत होती ना, ती शिलाई बंद. परत कात्री धरणार नाही, एवढं बघतो."

पडद्यावर अक्षरं उमटली होती: परत कात्री धरणार नाही. ती वाचल्यावर मधलीला कळलं, आपण काय ऐकलं आणि आपण काय केलं. त्या क्षणापासून तिच्या मनात साहेबांचा तो झाला.

तिनं एकशे एकतिसाव्या ओळीतला नंबर फिरवला. एकदा, दोनदा, चारदा. पण जी बाई दोन वर्षं लपून राहिली, ती अनोळखी नंबर कशाला उचलेल? मग पोलिसांना फोन लावला. पलीकडच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजून काही घडलंय का?"

"घडायच्या आत सांगतेय."

"घडलं की लगेच फोन करा."

मधलीनं चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" आई.

"कामाला."

"तुझं काम तर घरात असतं."

ती जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली गेली.

टॅक्सीनं पस्तीस मिनिटं घेतली. तिसरा मजला, डावं दार, सगळं तिला पाठ होतं, तिनंच तर भरलं होतं. साखळीएवढं दार उघडलं. आत चाळिशीची, बारीक चणीची बाई, गळ्यात मापाची टेप. मागे भिंतीला लागून शिलाई मशीन आणि जमिनीवर अर्धी भरलेली बॅग.

"ताई, तुमचे मिस्टर येतायत. चारला. आत्ताच्या आत्ता निघा."

बाई ओरडली नाही, रडली नाही. तिनं फक्त साखळी काढली आणि मधलीला आत ओढून दार लावलं. "काल मशीनवाल्यांचा फोन आला, तुमच्या ऑफिसातून पत्ता विचारत होत्या म्हणून," ती कपडे बॅगेत कोंबत म्हणाली. "माझं कुठलं आलंय ऑफिस. तेव्हाच समजले. उद्या सकाळची बस काढली होती. एक दिवस कमी पडला. तुम्ही कोण?"

"त्यांच्या ऑफिसचं काम बघते."

"पत्ता कुणी दिला त्याला?"

मधली वाकली आणि बॅगेची चेन ओढायला लागली. चेन कापडात अडकली होती.

दारावर थाप पडली नाही, दारच आत आलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अडीचची भेट मधलीनंच हलवली होती, त्याला थांबवून धरणारं दुपारभर काही उरलंच नव्हतं.

आवाजावरून तिला वाटलं होतं तेवढा तो उंच नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खिशात फोन, हातात दोन किलोचा हातोडा. त्यानं मधलीकडे पाहिलंही नाही.

"साहेब, चारला होतं ना," मधलीच्या तोंडून निघून गेलं. माणूस घाबरला की धंद्याचंच बोलतो.

तो वळला. चेहरा ओळखीचा नव्हता, आवाज होता. "बाई? तू होय?" तो हसला, चांगलं मोकळं हसला. मग बायकोला म्हणाला, "बघ, हिनं शोधून दिलं तुला. हुशार आहे. शिक जरा." आणि मधलीला, आदबीनं, "तू काम चोख केलंस. आता बाजूला हो."

बायकोनं मधलीकडे एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढचं फार भराभर झालं. त्यानं बायकोचं उजवं मनगट धरलं, तिला फरफटत मशीनपाशी नेलं आणि हात मशीनच्या पाटावर दाबला. हातोडा वर गेला. मधलीनं त्याच्या दंडाला लोंबकळून पाहिलं. त्यानं कोपर मागे मारलं, ते तिच्या बरगडीत बसलं आणि ती कपाटावर जाऊन पडली. हातोडा खाली आला, पुन्हा वर गेला, पुन्हा आला. तो ओरडत नव्हता. प्रत्येक घावाआधी तो श्वास घेत होता, लाकूड फोडणारा माणूस घेतो तसा. बायकोचा आवाज मात्र मधलीनं कधीच कुठल्या फाइलीत ऐकला नव्हता, इतका उंच होता.

मधली उठली. हातोड्याचा दांडा तिच्या तोंडावर बसला, आणि वरचे पुढचे दोन दात गेले हे तिला दुखण्याआधी कळलं, कारण असली कार्डं तिनं हजार भरली होती. उरलेल्या दातांनी ती त्याच्या मनगटाला चावली. कातडी फाटेपर्यंत चावली, तोंडात दोघांचं रक्त एक झालं तरी सोडलं नाही. हातोडा पडला. त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा आपटायच्या आधी स्वतःच किंचाळला. बायकोनं डाव्या हातानं कापडाची मोठी कात्री उचलली होती आणि मुठीपर्यंत त्याच्या मांडीत घातली होती.

तो लंगडत बाहेर गेला. जिन्यात चार दारं उघडी होती. चारही दारांतल्या माणसांनी त्याला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर पोलीस मधलीला म्हणाला, "तो म्हणतो, मी तिथं गेलोच नाही. मांडीला कामावर सळई लागली. शेजाऱ्यांनी कानांवर हात ठेवलेत. तुम्ही दोघी म्हणताय ते खरं असेल, पण तुम्ही दोघी त्याच्या विरुद्धच बोलणार."

मधलीच्या तोंडात कापसाचे बोळे होते. तिनं आईला फोनवरून लॅपटॉप आणायला सांगितला. आई आली, तिच्या तोंडाकडे बघून भिंतीला टेकली, आणि लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला.

फाइल आलेली होती. गुरुवार, दोन चाळीस ते चार. त्यानं गाडीत बसल्यावर पत्र सांगायला सुरुवात केली होती आणि नेहमीसारखा बंद करायला विसरला होता. जिना होता, दार होतं, घाव होते. शेवटी गाडीचं दार लागलं, तो थोडा वेळ धापा टाकत राहिला, आणि मग म्हणाला, "हं, बाई, लिही. सिमेंटवाल्याला कळव, उद्या अकराला येतो." ती त्या घरात भिंतीशी पडली आहे हे तो विसरला होता, का खुर्ची कुठेही असली तरी खुर्चीच, हे त्याचं त्याला माहीत.

पोलिसाचा चेहरा बदलला. "याचं लेखी करून द्या," तो म्हणाला. "दार उघडल्यापासून पुढचं दिलंत तरी चालेल."

म्हणजे पत्त्याचं राहिलं असतं. मधलीला ते दिसलं. दार उघडल्यापासून सुरू केलं तर ती वाचवायला गेलेली बाई होती, धाडसी, दोन दात गमावलेली. अशा बाईला काम मिळतं. आणि गोड बोलून लपलेल्या बाईचा पत्ता काढणाऱ्या बाईला कुणी आपल्या घराची किल्ली देत नाही. कपाट आणि खिडकी यांच्यामधलं टेबल तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि ती रडली, तोंड दुखत असल्यामुळे नीट रडताही आलं नाही.

मग तिनं लिहायला घेतलं. दुपारपर्यंत लिहीत होती. गुरुवारचं झाल्यावर मागच्या फाइली काढल्या. १०.१०, क्रेनवाल्याला पहारीनं मारलं, हाड मोडलं, मी ऐकलं. म्हाताऱ्याचा चष्मा. पिंपातलं डोकं, बावीसपर्यंतचे आकडे.

बायको खाटेवर होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, बोटांची टोकं निळी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन बोटं वाकतील, बाकीच्यांचं सांगता येत नाही. मधली खाटेपाशी उभी राहिली. बसायची तिला हिंमत झाली नाही.

"माझंही तुझ्याच कागदात लिहिलंस म्हणे," बायको छताकडे बघत म्हणाली.

"हो. तुमची सही... अंगठा लागेल. डावा."

"पत्ता कुणी दिला, ते लिहिलंस?"

"पहिल्या ओळीत."

"वाच."

मधलीनं वाचलं. पुढचे दात नसल्यामुळे शब्द तोंडातून वाऱ्यासारखे निसटत होते, पण ती थांबली नाही. मी गोड बोलून पत्ता काढला. मी दुपार मोकळी करून दिली. दार. हातोडा. "मनगट धरून हात पाटावर दाबला आणि तीन घाव घातले."

"चार," बायको म्हणाली.

"फाइलीत तीनच ऐकू येतात."

"पहिला ऐकू येणार नाही. तो नुसता बोटांवरच बसला." तिनं पहिल्यांदा मान वळवून मधलीकडे पाहिलं. "चार लिही."

मधलीनं तीन खोडून चार केले आणि पुढे वाचायला लागली.